पालखी येईपर्यंत

बोंगछी बोलायला उभी राहिली की माझ्या साराच्या पातेल्यात माशी पडली तरी मला पत्ता लागायचा नाही, आणि गिऱ्हाइकालाही नाही. माझी गाडी माझूमायच्या, आमच्या समुद्रदेवीच्या, देवळासमोर, पटांगणाच्या कडेला. माशाच्या गोळ्यांचं सार विकता विकता मी त्या पटांगणात सगळे नग बघितले. बाहुल्या नाचवणारे, दात उपटणारे, निवडणुकीत भाषणं ठोकणारे. भाषणवाल्यांना तर लोक पळू नयेत म्हणून कोपऱ्याकोपऱ्यावर पोलीस उभे करावे लागायचे. ह्या बाईला पोलीस लागत नव्हता. एक फुटकी घंगाळ्याएवढी थाळी आणि तिचं तोंड, बस.

ती औषध विकायची. मुका मार, मुरगळलेला पाय, मोडलेलं हाड, सगळ्यावर एकच काळं तेल. आमच्याकडे औषध नुसतं विकून कोणी घेत नाही. आधी चुन्याने जमिनीवर गोल आखायचा, गाव जमवायचं, काठ्या-तलवारी फिरवायच्या, कोणाचं तरी रक्त काढून दाखवायचं, आणि मग बाटली बाहेर काढायची. रक्त काढून घ्यायचं काम तिच्या नवऱ्याचं. त्याचं नाव थियामहोक, पण सगळे आहोक म्हणायचे. बोलायचं काम तिचं.

बोंगछी ह्या नावाचा अर्थ, आता आलीच आहे तर पोसू. नको असताना झालेल्या पोरीला आमच्याकडे हे नाव ठेवतात. आईबापाने पोसलीही नाही. पाळण्यातून उतरली तशी एका औषधवाल्याला देऊन टाकली, पुढे सून करून घ्या म्हणून. हा औषधवाला म्हणजे आहोकचा बाप. त्याला मास्तर म्हणायचे. मेला एकदाचा, पण नाव काढलं तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तो खेळात त्या पोरीचा हात धरायचा आणि सुरीने कापायचा. खरं कापायचा. रक्त आलं की तेल लावून दाखवायचा. संध्याकाळी खपलं नाही तर बांबूच्या पट्टीने वेगळं मारायचा. तिच्या दोन्ही हातांवर मनगटापासून वर व्रण होते, चाळणीच्या जाळीसारखे. मला तिने स्वतः बाही वर करून दाखवले होते.

आठ-नऊ वर्षांची असताना एकदा तिने कापून घेताना रडायच्या ऐवजी म्हटलं, "मास्तर, सरळ कापा हो. वाकडं कापलंत तर लग्नात बांगडी तिरकी बसेल." लोक हसले. खो खो हसले. आणि मास्तराचा हात त्या दिवशी हलका पडला, कारण हसणाऱ्या लोकांसमोर त्याला राक्षस दिसायचं नव्हतं. एवढंच ती शिकली. लोक हसत असले की सुरी वरवर लागते. दुसरी कसली शाळा तिला मिळाली नाही.

आहोक तिच्याहून थोडा मोठा. अंगात वाढला तसा त्याने बापाला सांगितलं, ह्यापुढे मला कापा. बापाने आधी त्याला बडवला आणि मग खरंच त्यालाच कापायला लागला. तिच्या आयुष्यात तिच्यावर हात न उचललेला पुरुष म्हणजे हा एक. मुखदुर्बळ माणूस. माझ्या गाडीवर बसला की वाटी संपेपर्यंत शब्द काढायचा नाही, आणि बायको बोलत असली की तिच्याकडे असा बघत बसायचा, जसा काही ती पहिल्यांदाच बोलतेय.

बोलायची कशी, ते सांगते. पुढे बसलेल्यांकडे ती बघायचीच नाही. पुढे पोरं बसलेली, ती कुठे जातायत. ती बघायची सगळ्यात मागे, ज्याचं एक पाऊल घराकडे वळलंय त्याच्याकडे. "अहो निळा सदरा, निघालात? जा, जा. पण दार वाजवून आत जा, बायको एकटी नसेल." निळा सदरा जागच्या जागी खिळला. आता हललं तर गाव काय म्हणेल. एखादा दारुडा मधेच ओरडला तर ती त्याला हाकलायची नाही. "हे माझे मामेसासरे. लग्नात हुंड्यात आले होते, अजून कोणी परत घेत नाही." झालं, तो दारुडाही मामेसासऱ्यासारखा ताठ बसायचा. आणि गोलाच्या मधोमध एक टोपली असायची, कापडाने झाकलेली. ह्या टोपलीत काय आहे ते आत्ता दाखवते, आत्ता दाखवते, असं म्हणत ती सबंध दुपार काढायची. त्या टोपलीपायी लोकांची पोरं उपाशी राहिली आहेत.

त्या वर्षी माझूमायच्या उत्सवाला ती दोघं आमच्या गावात आली ती रीतसर आली. आल्याबरोबर आहोक सुपारी आणि सिगारेटी घेऊन तालमीत गेला, तालमीतल्या देवाला उदबत्ती लावली. बाहेरचा काठीवाला गावात आला की हे करावंच लागतं, नाही तर तो गावाला हिणवतोय असं धरतात. तालमीचा वस्ताद ओगू. ओगू म्हणजे काळा बैल. दिसायला तसाच, पण वागायला थंड. सकाळी लोकांची निखळलेली हाडं बसवायचा, फार मऊ हाताने. त्याने सुपारी घेतली, चघळली, म्हणाला, खेळा.

टोपलीत त्या वेळी सिंहाचं डोकं होतं. नाचायचा कागदी सिंह असतो ना, त्याचं. मूळचं लाल. वाटेत पावसात रंग वाहून गेला. बंदरावर एका कोळ्याच्या पाठीला आहोकने तेल चोळलं, त्याने बदल्यात होडीचा उरलेला रंग दिला. तो रंग हिरवा. आहोकने बसून निगुतीने सगळं डोकं हिरवं रंगवलं.

आता हे कोणालाही विचारा, हिरव्या तोंडाचा सिंह म्हणजे आव्हान. ह्या गावात आमच्या तोडीचा कोणी असेल तर पुढे या. आहोकला हे माहीत नव्हतं असं नाही. पण त्याच्या मुलखात, वर डोंगराकडे, हिरव्या तोंडाला पांढऱ्या भुवया असल्या तरच ते आव्हान धरतात. नुसता हिरवा म्हणजे नुसता हिरवा. म्हणून त्याने आठवणीने भुवया काळ्या केल्या. आणि आमच्या समुद्रकाठी भुवयांकडे कोणी बघत नाही, हिरवं दिसलं की पुरे. बिचाऱ्याने चांगला विचार करून घोळ केला.

दुपारची वेळ. माझूमायची पालखी गावप्रदक्षिणेला गेलेली. ती मासळीबाजाराच्या गल्लीतून परत पटांगणात येणार, आणि शेवटच्या टप्प्यात तिच्यापुढे आमच्या तालमीने नाचायचं, ही रीत. म्हणून ओगू आणि त्याची माणसं कमरेला लाल पट्टे बांधून देवळाच्या पायऱ्यांवर वाट बघत बसलेली. पटांगण फुललेलं. इतकी माणसं मी तिथे कधी बघितली नव्हती, झाडांवरसुद्धा. बोंगछीने ती सगळी गोलाभोवती ओढून घेतली, पायऱ्यांवरचीही. ओगू स्वतः हसत होता, मी बघितला. मग तिने कापड ओढलं.

लोक गप्प झाले. पुढची पोरं तेवढी टाळ्या पिटत राहिली.

ओगू उठला, गोलात आला. चुन्याची रेघ त्याने मुद्दाम पायाने पुसली. आहोक पुढे झाला, हात जोडून म्हणाला, "वस्ताद, चूक झाली असेल तर..." पुढचं कोणी ऐकलंच नाही. ओगूने काठी त्याच्या नडगीवर हाणली. हाड मोडल्याचा आवाज माझ्या गाडीपर्यंत आला. आहोक खाली बसला तसा दुसरा फटका तोंडावर. दात पडले. ते पोरांच्या पुढ्यात पडले आणि पोरांच्या टाळ्या थांबल्या.

आम्हाला सुपारी देऊन आमच्यावरच थुंकला, असं तालमीची माणसं ओरडायला लागली. बायकांनी पोरं उचलली. मागची माणसं सरकायला लागली. मी सुद्धा पातेल्यावर झाकण घातलं.

बोंगछीने मागे बघितलं, वळलेल्या पावलांकडे. तिला ठाऊक होतं पुढे काय होतं ते. खाली मिठागराच्या गावात एका औषधवाल्याचं असंच भांडण झालं होतं. लोक घाबरून पांगले, पटांगण मोकळं झालं, आणि मोकळ्या पटांगणात त्याच्या पायांच्या शिरा तोडून त्याला मत्स्यतळ्यात टाकलं. लोक असते तर नुसता मार बसला असता. तिने थाळी उचलली आणि बडवली.

"बसा सगळे," ती म्हणाली. "इतकी वर्षं माझा नवरा खोटा मार खाऊन खरं तेल विकत होता. आज वस्ताद स्वतः आलेत, आज मारही खरा. फुकट बघायला मिळतंय आणि निघालात कुठे?"

कोणीतरी हसलं. एकाने हसायला सुरुवात केली की काय, पटांगण ते. बायकांनी पोरं परत खाली ठेवली. ह्यांचं आधीच ठरलेलं दिसतंय, असं माझ्या शेजारचा भुईमूगवाला म्हणाला. मी म्हटलं, मुडद्या, दात दिसले नाहीत तुला? तो म्हणाला, मावशी, ते लोक मक्याचे दाणे ठेवतात तोंडात.

पालखीचे फटाके लांब कुठेतरी वाजत होते, धक्क्याच्या बाजूला. पालखी आली की ओगूला नाचायला जावंच लागणार होतं. तेवढा वेळ काढायचा होता. मला समजलं ते तिलाही समजलं असणार, कारण ती ओगूच्या भोवती फिरत बोलायला लागली.

"वस्ताद, तोंडावर नका मारू, तिथे आधीच बघण्यासारखं काही नव्हतं."

ओगूची काठी वर गेलेली तशीच थांबली. लोकांचं हसून होईपर्यंत थांबली. मग खाली आली, खांद्यावर. त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसलं, त्याला ते आवडलं. जन्मभर लोक त्याला घाबरले होते, त्याच्यामुळे कधी हसले नव्हते. आता तो फटका मारायचा आणि बोंगछीकडे बघायचा. आणि ती बाई एका फटक्यापासून दुसऱ्या फटक्यापर्यंत जेवढं बोलता येईल तेवढं बोलायची.

"उजवीकडच्यांना सगळं दिसलं, डावीकडचे रुसले. ते काय परगावचे आहेत का?" ओगूने खरंच आहोकला दुसऱ्या बाजूला फरफटत नेलं. त्यात वेळ गेला. "जरा पाणी प्या वस्ताद, ह्याला मारून दमलात असं व्हायला नको, ह्याला तर मीही दमवते." तो पाणी प्यायला. त्यात वेळ गेला. तालमीतला एक तरणा गडी कमरेची मासे कापायची सुरी काढून पुढे आला. तिने त्याला बघितला आणि लोकांनाच विचारलं, "हा कोण? वस्तादांना एकट्याने झेपत नाही असं वाटतंय का ह्याला?" ओगूने मागे वळून त्या गड्याच्या कानाखाली अशी काढली की तो पायऱ्यांपाशी जाऊन पडला. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या.

आहोक तोवर पालथा झाला होता. एक हात मागे वळून भलत्याच दिशेला पडला होता, कानातून रक्त येत होतं. तरी तो जिवंत होता, आणि सुरी म्यानात होती, आणि फटाके जवळ येत होते.

मग ओगूची काठी फुटली. त्याने जाऊन देवळाच्या दाराचा अडसर उचलून आणला. मांडीएवढं लाकूड. दोन्ही हातांनी डोक्यावर नेलं, आणि बोंगछी म्हणाली, "अडसर जपून हो वस्ताद, देवळाचा आहे. नवरा काय, घरचाच आहे."

तिचं शेवटचं अक्षर आणि अडसर एकदमच खाली आले, आहोकच्या बरगड्यांवर, आणि अडसराचेच दोन तुकडे झाले. लोक जमिनीवर लोळले हो. झाडावरून एकजण खाली पडला. आणि बोंगछीही हसली. ती कधीच हसायची नाही बोलताना, तोंड अगदी कोरं ठेवायची. त्या वेळी हसली. तोंडावर हात गेला तिचा, पण हसली.

ओगूने तुकडे टाकले, कपाळ पुसलं. त्याचं झालं होतं. तो वळलासुद्धा. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "वस्ताद, अजून एक." मग दुसरा म्हणाला. मग सगळं पटांगण ताल धरून म्हणायला लागलं, अजून एक, अजून एक. त्यात माझा भुईमूगवालाही. काळा बैल गावासमोर नाही कसा म्हणेल? परत फिरला.

बोंगछीने तेव्हा त्यांना पांगवायचा प्रयत्न केला. मी शपथेवर सांगते, केला. म्हणाली, खेळ संपला, घरी जा. लोक हसले. म्हणाली, हा मरतोय. आणखी हसले. ती अडखळली, तिला शब्द सुचेना, हात जोडून नुसती उभी राहिली. तेही त्यांना खेळातलंच वाटलं, त्यालाही टाळ्या. लोकांना धरून कसं ठेवायचं ते तिला येत होतं. सोडायचं कसं ते तिला कोणी शिकवलंच नव्हतं. ओगूने आहोकच्या कुशीत लाथ घातली, एक, मग लोकांसाठी आणखी एक.

मग गल्लीच्या तोंडाशी फटाक्यांची माळ फुटली आणि पालखी आली. सगळ्यांनी एकदम पाठ फिरवली. गोलात ती दोघंच उरली.

त्याला मी आणि भुईमूगवाल्याने फळीवर घालून माझ्या घरात आणला. भुईमूगवाला आता रडत होता. मी म्हटलं, रड, मक्याचे दाणे गोळा कर आणि रड.

नाच आटोपून ओगू आला, अंगावर फटाक्यांची राख आणि घाम तसाच. तालमीने मोडलं की तालमीनेच जोडून द्यायचं, अशी रीत आहे आमच्याकडे, आणि हाडवैद्य तरी गावात दुसरा कुठे होता. त्याने पाय बसवला, खांदा बसवला, त्याच मऊ हाताने. बरगड्यांवर बोटं ठेवली आणि तिथेच थांबला.

"वहिनी," तो म्हणाला, "बरगडीचं टोक आत वळलंय. उताणाच राहू द्या. बोलू देऊ नका, खोकू देऊ नका, हसू देऊ नका."

"हसतोय कोण इथे," मी म्हटलं.

जाताना तो दारात अडखळला. म्हणाला, "तुम्ही बोलत होता म्हणून हात ढिला पडत होता माझा. नाही तर..." आणि गेला. खरंही असेल ते. मला त्याचं काही ऐकायचं नव्हतं.

बोंगछी त्याला आपलं तेच काळं तेल चोळत बसली. रात्र गेली. सकाळी आहोकने डोळे उघडले.

"बोंगछी," तो म्हणाला, "तू हसलीस."

ती चोळायची थांबली.

"कानात नुसता घूं आवाज होता. काही ऐकू येत नव्हतं. पण तुझं तोंड दिसलं. खरं हसलीस. कशावर?"

"गप्प राहा. बोलायचं नाही सांगितलंय."

"सांग ना."

"काही नाही. घाबरून झालं असेल."

"मला तुझं हसणं माहीत नाही का?" मग थोडा वेळ श्वास घेत पडला आणि म्हणाला, "मार मी खाल्ला, आणि विनोद मला सोडून सगळ्या गावाला माहीत."

तो रागावला नव्हता. खरोखरच त्याला ते ऐकायचं होतं, आयुष्यभर ऐकत आला तसं. तिने माझ्याकडे बघितलं. मी चुलीकडे तोंड केलं. मग ती अगदी हळू म्हणाली, अडसराचं ते. सावकाश, सपाट आवाजात, हसू येऊ नये अशा बेताने.

आहोकने तिच्या तोंडाकडे बघितलं. मग त्याचं पोट हललं. मग त्याला हसू आलं, आणि ते थांबेना. दात नसलेल्या तोंडाने तो हसत होता, डोळ्यांतून पाणी, "घरचाच आहे, घरचाच आहे" असं म्हणत. बोंगछीने दोन्ही हात त्याच्या तोंडावर दाबले. "हसू नकोस," ती म्हणत होती, "अरे हसू नकोस, तुझ्या पाया पडते, हसू नकोस." तिच्या बोटांमधून रक्त यायला लागलं तरी खाली तो हसतच होता.

दुपारच्या आत गेला. लाथेने बरगडी आत गेली की हसण्याने, ते मी ओगूला विचारलं नाही. तिने विचारलं. तो म्हणाला, वहिनी, लाथेने. तिला ते पटलं नाही.

मातीला आमचं अख्खं गाव आलं. आहोकला ओळखत किती जण होते? पण उत्सवाला नव्हती एवढी गर्दी. मयताची पेटी तालमीच्या माणसांनी खांद्यावर घेतली, पुढे ओगू. गल्लीत वळताना पेटी भिंतीला घासली, आणि मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "जपून हो, देवळाची आहे." नाकातून हसल्याचा आवाज आला, एकाचा, मग तीन-चार जणांचा.

बोंगछी थांबली. मागे वळली. पेटीही थांबली. लोक गप्प झाले आणि पुढे सरकले, मागचे टाचा उंच करून बघायला लागले, आयांनी पोरांना खांद्यावर घेतलं. आता ही काय बोलते, म्हणून सगळ्यांची तोंडं आधीच थोडी उघडी. तिने त्यांच्याकडे बघितलं, सगळ्यात मागच्या माणसापर्यंत. पुष्कळ वेळ बघितलं. बोलली काहीच नाही.

मग लोक एकेक करून घरी जायला लागले.